कवळीखालची जखम

प्रिय दादा,

मला या सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून नोकरी लागली, तेव्हा तू म्हणाला होतास, "झालं! आता घरात कुणाला तोंड उघडायची सोय उरली नाही." सगळ्यात जास्त आई हसली होती. तेव्हा तिचे स्वतःचे दात होते.

मागच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली. एकटीच, न कळवता. नंबराची चिठ्ठी मुठीत धरून बाकावर बसून राहिली. आमची नर्स तिला ओळखत नाही. तिने हाक मारली तशी आत आली, खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, कवळी बोचते हो." मला हसू आलं आणि रडूही. बाबा गेल्यावर ती कुणाकडे राहणार यावरून आपलं वाजलं, तेव्हापासून फोनवर तिचा फक्त आवाज ऐकत होते, तोही तू घरी नसताना.

कवळी हातात घेतली तर डावी कड पार झिजलेली. विचारलं तर म्हणते, "दादाच्या पेटीतली कानस मारली. बोचेल तशी थोडी थोडी घासत गेले." आमच्याकडे येणारे पुष्कळ जण हे उद्योग करतात, मी त्यांना ओरडते. बोचलं की माणूस कवळीलाच दोष देतो. "अगं, मग मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तुझ्याकडे आले असते तर दादाला वाटलं असतं, गाऱ्हाणं घेऊन गेली."

दादा, कवळी मुळात ठीकच होती. खालची जखम भरत नव्हती. कडा उचललेल्या, बोटाला टणक लागणाऱ्या. मी तिला उगीचच पुन्हा पुन्हा "आ कर" म्हणत राहिले, म्हणजे तिला माझ्याशी बोलता येऊ नये. तिला सांगूनच तुकडा तपासायला पाठवला. काल ती रिपोर्टसाठी आली. कॅन्सर आहे. ऐकून तिने विचारलं, "नवी कवळी मिळेल ना गं?" आणि निघताना म्हणाली, "दादाला नको सांगूस एवढ्यात. माझ्या घरात असताना झालं, असं मनाला लावून घेईल."

तिचं ऐकलं नाही, म्हणून हे पत्र. फोन तू उचलला नसतास. यात तुझी काही चूक नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे. जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल. पुढे बरेच दिवस नळीने भरवणं, दिवसातून अनेकदा तोंड साफ करणं. मला ते येतं, आणि मोठं हॉस्पिटल माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिला माझ्याकडे राहू दे. तू नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. आई तुझ्या घरातून हलणार नाही हे तू तेव्हाच ठणकावून सांगितलंस. तरी मागते. तिला नुसती पाठवू नकोस, तू घेऊन ये. आणि लगेच परत फिरू नकोस. बाहेरच्या खोलीत तुझंही अंथरूण घालते, ऑपरेशन होईपर्यंत तूही इथेच राहा.

तुझीच,
धाकटी