एका पाळीचं पाणी

बाबा, आज वर्गात एका पोट्टीनं मला चांगलंच पकडलं. तुमच्यावरूनच पकडलं, म्हणून तुम्हालाच सांगते. अकोल्याच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते हे तुम्ही पाहून गेलात, पण काय शिकवते ते कधी ऐकलं नाही. दर हिवाळ्यात समुद्राचा धडा येतो. वाऱ्याच्या भरवशावर आफ्रिकेकडून, अरबस्तानाकडून गलबतं कोकणात कशी लागायची, वारा लांबला की अख्खं बंदर कसं हात बांधून बसायचं, पार पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ पाणी तापलं की आपल्या वऱ्हाडावरून ढग कोरडे कसे जातात, हे सगळं फळ्यावर काढते. पोरं पेंगायला लागली की मग तुम्हाला बाहेर काढते. चांदूर बाजारकडे एक संत्रेवाला होता म्हणते. पाऊस वेळेवर येईल असा त्यानं अंदाज बांधला, झाडांचं पाणी तोडून बसला आणि अर्धी बाग वाळवली. पोरं लगेच जागी होतात. तो संत्रेवाला माझा बाप होता हे मात्र मी सांगत नाही.

आज मागच्या बाकावरची ती उभी राहिली. घरी भाजीचा मळा आहे तिच्या. म्हणाली, "मॅडम, त्याले थांब म्हून कोणी सांगतलं होतं? बागवाला असा आपल्या मनानं थांबत नाही. पानं वळली का त्याचा हात मोटरीवर जातेच." सगळा वर्ग माझ्याकडे पाहून राहिला. मी म्हटलं, "त्याचाच अंदाज होता तो. बस खाली." बसली बिचारी. पण तिला पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं.

मला तो स्वयंपाकघरातला दिवस आठवला. मी शेवटच्या वर्षाला होते, अमरावतीहून सुट्टीत आलेली. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, विहिरीला यंदा पाणी कमी म्हणून चिंतेत. तुम्ही नेहमी आंबिया बहार धरायचात. थंडीत झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पानं मलूल होईस्तोवर पाणी तोडायचं, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदलद भरतं. मी आईच्या पिठाच्या परातीत बोटानं समुद्र काढला. ही आफ्रिका, हे आपण, हा वारा. शहाणी मी! म्हटलं, बाबा, यंदा पेरूकडचं पाणी थंड आहे, पाऊस भरपूर आणि वेळेवर येणार. आंबिया सोडा, विहीर वाचवा. उन्हाळ्याअखेरीस ताण द्या आणि मृग बहार धरा, पाणी तर आभाळच देईल. आई पिठासाठी ओरडत होती. तुम्ही परातीत डोकावून कितीतरी वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "समुद्र म्हंजे एक मोठी विहीरच ना, पोट्टे? पण तिले आपली विहीर ठाव आहे का?" मी हसले. बाप्पा, काय हसले मी!

मृग लागला, कोरडा गेला. तुमच्या विहिरीत एक पाळी होईल एवढं पाणी होतं तेव्हा, सगळ्या बागेला एकदा पुरेल एवढं. तुम्ही सकाळी पानं पाहून आलात. ऊन चढायच्या आधीच वळली होती. मोटरीजवळ उभे राहून तुम्ही मला विचारलंत, "तोडू का ताण? देऊ पाणी?" आयुष्यभर झाडं वाचणारा माणूस एकवीस वर्षांच्या पोरीला विचारत होता. मी म्हटलं, आता पाणी दिलं तर बहार अर्धवट फुटेल, चार दिवस थांबा, येतोच पाऊस. तुम्ही थांबलात. चाराचे आठ झाले, आर्द्राही अर्ध्या सरल्या. तोवर विहिरीचा तळ उघडा पडला आणि वरच्या अंगाची झाडं उभीच्या उभी वाळली. त्या हिवाळ्यात आई चुलीत संत्र्याचंच लाकूड घालायची.

समुद्र खोटं बोलला नव्हता, बाबा, हे मला फार उशिरा कळलं. त्या वर्षी पाऊस एकूण पुरेपूर झाला. समुद्र अख्ख्या देशाचं सांगतो, आपल्या धुऱ्याच्या, बांधाच्या आतलं सांगत नाही. मधलं अंतर मी माझ्या तोऱ्यानं भरलं. पुस्तकं म्हणतात अमक्या बंदराला वाऱ्यानं बुडवलं, तमका मुलूख दुष्काळानं उठवला. मीही तसंच शिकवते. पण जुन्या दुष्काळात पाऊस समुद्रानं अडवला असेल. त्याच दुष्काळात धान्य गाड्यांत भरून बाहेर धाडलं ते माणसांनीच. वारा आणि बुडालेलं घर यांच्यामध्ये कोणीतरी उभं असतं, थांबा म्हणणारं. त्याचं नाव कुठं येत नाही.

तुम्ही माझं येऊ दिलं नाहीत. अचलपूरच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय हो, इतके जुने बागवाले तुमी, काहून थांबले?" मी तुमच्या बाजूलाच उभी. तुम्ही टोपी सारखी करत म्हणालात, "माह्याच डोक्यातलं खूळ, भाऊ." लोक हसले. परतताना एसटीत तुम्ही फुटाण्याचा पुडा माझ्या हातावर ठेवला आणि एवढंच बोललात, "शिक तू. लय मोठा आहे तो समुद्र, एका साली थोडाच समजते." तेव्हापासून गावात तुम्हाला बागेतलं कोणी काही विचारलं नाही. मरेस्तोवर नाही. ते मला दिसत होतं आणि मी गप्प होते.

आज संध्याकाळी जठारपेठेतल्या घरी येऊन चहा ठेवला, तर धाकट्या भावाचा फोन. उरलेली बाग तोच पाहतो. त्या साली तो लहान होता; बाजारात तुम्ही सांगितलंत तेवढंच त्याला ठाऊक. झाडं ताणावर आहेत, विहीर पुन्हा अर्ध्यावर. म्हणाला, "ताई, आंबिया धरू का मृगावर ढकलू? पानं पाहून मले काहीतरी वाटते, पण बाबासारखं अंदाजावर नाही जायचं मले. तुहा समुद्र काय म्हणते ते सांग, तसंच करतो." चहा उतू गेला. मी म्हटलं, पानं काय म्हणतात तेच ऐक. तो म्हणाला, "आपल्या मनाचं ऐकूनच तर बाबा बुडले." मी सांगायला तोंड उघडलं, आणि उद्या बोलू म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून हे लिहीत बसले आहे. तुम्हाला लिहायची काही गरजच नव्हती, बाबा, तुम्हाला सगळं ठाऊकच होतं. लिहायचं होतं धाकट्याला. पण तुम्ही रागावणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.