लाँड्रीच्या फोनवरची बाई

दादा,

बाबा दुपारपासून घरी नाहीत. मी आणि वहिनी शोधायला निघालोय. तू मोबाइल घरीच विसरलास, म्हणून ही चिठ्ठी.

बाबांना आता आपल्या लाँड्रीचा नंबर तेवढा आठवतो. तू तो इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर घेतलास, बिल निम्म्यावर आलं, सगळं कबूल. पण फोन उचलते ती रेकॉर्ड केलेली बाई! मघाशी बाबांनी कुणाच्या तरी मोबाइलवरून लाँड्रीला फोन केला होता. त्या बाईशी ते काय बोलले त्याचं रेकॉर्डिंग तुझ्या मोबाइलवर आलं, ते ऐकलं: "माफ करा ताई, चुकून लागला." मी उलट फोन करेपर्यंत ते तिथून निघून गेलेले.

आल्या आल्या त्या बाईला बंद कर आणि फोनपाशीच बस. वाजला तर ओरडू नकोस, घाबरून फोन ठेवतील. ते गिऱ्हाइकांना म्हणायचे तसंच म्हण, "बोला, लाँड्री. कपडे घ्यायला कुठे येऊ?"