विसराळूंचं खातं

२ जुलै, मंगळवार

सकाळी दहाला बबडीचा फोन असा काही किंचाळला की माझ्या हातून बशीच सुटली! स्टीलची म्हणून वाचली. बबडी केस न विंचरताच लॅपटॉपपुढे. "आजी, सगळं बंद पडलंय. आता मला काही विचारू नकोस." मी कसली विचारते! दारातच बसले लसूण सोलत.

वहीबाई, तू नवी आहेस म्हणून सांगते. माझी नात बबडी मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. घरूनच काम करते. खातं कुठलं? तर लोक पासवर्ड विसरतात ना, त्यांना नवा मिळवून देण्याचं. मी त्याला विसराळूंचं खातं म्हणते. ते बंद पडलं म्हणजे लाखभर विसराळू दाराबाहेर ताटकळत!

अकरा चाळीसला बबडी खुर्चीत मागे रेलली. "झालं." चहा तसाच, वर साय धरलेली. एकटीने निस्तरलं पोरीने. घड्याळ बघून लिहितेय, उगाच नाही.

३ जुलै, बुधवार

रोज साडेनऊला यांची 'स्टँड-अप' असते. म्हणजे उभ्याने करायची मीटिंग. सगळे बसलेले!

आज आवाज बाहेर येत होता. एकजण नुसता टरटर टरटर, मध्ये श्वास नाही. "काल आम्ही जे सांभाळून घेतलं..." आम्ही? अरे, तू कुठे होतास? इथे माझ्या पोरीचा चहा गार झाला! त्याचं नाव मी पोपट ठेवलंय.

बबडी म्हणते, "अगं, वाईट नाहीये तो. फक्त बोलतो फार." तिच्या आजोबांबद्दल माझी आईसुद्धा लग्नाआधी हेच म्हणाली होती.

१८ जुलै, गुरुवार

नवा पासवर्ड टाकायचं जे पान असतं, ते माझी अक्षरं शोधून होईपर्यंत मिटून जायचं. मी चार वेळा शिव्या घातल्या. बबडीने ऐकल्या, आणि गेली कामाला. एक ओळ बदलली — एकच! आता ते पान दहा मिनिटं थांबणार. माझ्यासाठीच नाही, जगातल्या सगळ्या सावकाश बोटांसाठी!

पण ती ओळ चालू व्हायला तिघांचा होकार लागतो म्हणे, आणि त्यातला एक रजेवर. बबडी वैतागली. मी म्हटलं, यात नवीन ते काय? आमच्याकडे पडदा बदलायचा तर सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि वन्सं, तिघींचा होकार लागायचा. वन्सं माहेरपणाला येईपर्यंत पडदा घडीतच! हसता हसता तिला ठसका लागला. "आजी, तू आमच्यात असतीस तर मोठी साहेबीण झाली असतीस." खोटं बोलते, पण गोड बोलते.

७ ऑक्टोबर, सोमवार

गुडघा ठणकतोय. पोपटाला सर्दी झालीय. मीटिंग दहा मिनिटांत संपली!

२ डिसेंबर, सोमवार

बबडीचं तोंड एवढंसं. शुक्रवारपर्यंत स्वतःबद्दल लिहून द्यायचंय. सहा महिन्यांत मी काय काय केलं, ते आपणच. त्यावर बढती ठरणार. गेल्या खेपेला हुकली. तिच्या साहेबीण म्हणाल्या होत्या, "काम चांगलं आहे गं तुझं, पण ते दिसत नाही." कसं दिसणार? दार सुरळीत उघडलं तर बिजागरीकडे कोण बघतं!

या खेपेलाही नाही झालं तर ही नोकरीच सोडणार म्हणते. आणि सोडेलही. हट्टी आहे. माझ्यावर गेलीय.

४ डिसेंबर, बुधवार

दोन दिवसांत तिने चारच ओळी लिहिल्या. चारही ओळींत "मदत केली"! विसराळूंच्या खात्यातली इंजिनियर, आणि हिलाच काही आठवेना!

"जुलैत मी काय केलं गं?" असं भिंतीला विचारत होती. माझ्या तोंडून गेलंच, "दोन तारखेला? दहाला बंद, अकरा चाळीसला चालू."

बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

आता आली का पंचाईत! ही वही माझी. कुणाला दाखवायची नाही म्हणून तर मनसोक्त लिहिते. हिच्यात बबडीच्या आईबद्दल आहे, बबडीने केस कापले त्याबद्दल आहे, तिच्या हातच्या भाजीबद्दल तर तीन पानं आहेत. नाही म्हटलं आणि आत जाऊन पडले. पण डोळा लागतोय कुठला?

५ डिसेंबर, गुरुवार

दाखवली! पण माझ्या अटीवर. वरच्या ओळींवर ताटली, खालच्यांवर पाट, मधलं तेवढं उघडं.

"आजी, ताटली जरा सरकव ना."

"खबरदार!"

ऑगस्टच्या पानावर ताटली सरकलीच. बबडी मोठ्याने वाचायला लागली, "हिची भाजी कुंडीतल्या झाडाला घातली तर..." पुढचं मी हाताने झाकलं. अर्धा तास फुगून बसली. मग स्वतःच फिसकन हसली.

चौदा गोष्टी निघाल्या. चौदा! तारखा, वेळ, सगळं. त्या कागदावर उतरवून झाल्यावर तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाली, "आजी, हे सगळं मी केलं?"

मी म्हटलं, "छे! पोपटाने केलं."

६ डिसेंबर, शुक्रवार

कागद गेला. पाठवायचं बटण मी दाबलं. माझाही हात लागायला हवाच की!

१२ डिसेंबर, गुरुवार

काही कळत नाही अजून. बबडी उगाच कपाटं आवरतेय. पोपट मात्र मीटिंगमध्ये भलताच खुशीत होता, शीळसुद्धा घातली मेल्याने. मला हे लक्षण बरं दिसत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

मिळाली! बढती मिळाली! साहेबिणींचा फोन आला, बबडीने मलाही ऐकवला. म्हणाल्या, "तुझा कागद छान होता, पण तो यायच्या आधीच आमचं ठरलं होतं." त्यांच्यात एकमेकांबद्दलही लिहून देता येतं म्हणे. बबडीबद्दल एकाने दोन पानं भरून दिली होती, आमच्या चार दिवस आधी. तारखांसकट. अकरा चाळीससुद्धा होतं त्यात.

पोपटाने.

मघापासून मागची पानं चाळत बसलेय. किती ठिकाणी 'पोपट' लिहिलंय मी, आणि सगळं शाईने! बबडी अजून फोनवर आहे. तिने फोन ठेवला की विचारते — त्या मुलाचं खरं नाव काय गं?