मागे कुणी राहिलं का

९ फेब्रुवारी

प्रिय गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दुकानात काचा घासायचं नवं मशीन आलं हे वाचून बरं वाटलं. आता तरी लोकांना चष्मे वेळेवर मिळोत. मी जेवते, झोपते, औषध घेते. तेच तेच विचारून मला भंडावू नकोस.

काल निसर्ग मंडळाची फेरी होती. हे गेल्यावर मंडळाने दोन फेऱ्या रद्द केल्या होत्या. ही मी घेते म्हणाले, घेतली आणि शोभा करून घेतली. आमची पद्धत तुला ठाऊक नाही, कारण दरवेळी बोलावूनही तू कधी आला नाहीस. मी पुढे असते, पक्षी नि कोळ्यांची जाळी दाखवत. हे सगळ्यात मागे. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कुणाला दम लागला, की हे त्याच्याजवळ उभे. प्रत्येक वळणावर मी थांबून मागे बघायची, यांचा हात वर झाला की पुढे निघायची. शेवटी फाटकाशी मी विचारायची की मागे कुणी राहिलं का. हे म्हणायचे, कुणी नाही. मग मी कडी लावायची.

काल तळ्याच्या वळणावर सवयीने थांबले. मागे बघत राहिले. हात काही वर होईना. लोक भोवती जमले, एकीने हळूच विचारलं की कुठला पक्षी दिसतोय. तरी माझा पाय उचलेना. शेवटी आमचे अध्यक्ष, ते औषधांच्या दुकानाचे मालक, त्यांनी दंडाला धरून मला बाकावर बसवलं आणि फेरी तिथेच मोडली.

मी मंडळ सोडते आहे. लोकांच्या रविवारचा विचका कशाला करायचा? दुर्बीण तुझ्या लेकीला पाठवते.

आहे तो लोभ राहू दे, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो घालून गेलाही, आणि छान दिसतंय म्हणाला.

दुर्बीण पाठवायची नाही. पाठवलीस तर तशीच परत करीन. मंडळ सोडायचं की नाही ते नंतर बघू. पुढच्या फेरीला मी येतो आणि मागे मी चालतो. हसू नकोस. मला कावळा नि घार यातला फरक कळत नाही हे खरं, पण भाऊजींना तरी कुठे कळत होता? दिसेल तो लहान पक्षी त्यांच्या लेखी 'ती तपकिरी'. इतकी वर्षं तुझ्यामागे हिंडून हा माणूस एक पक्षी शिकला नाही, म्हणून तू त्यांना किती बोलायचीस.

घरी बायको म्हणते की माझ्या गुडघ्यांची ताईंनाच काळजी घ्यावी लागेल. लागली तर घे.

माया आहेच, ती कमी करू नये.

तुझा गोट्या


२२ फेब्रुवारी

प्रिय गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

ये. पण नीट ऐक. मागच्याने घाई करायची नाही, कुणाला घाई करायला लावायचीही नाही. बडबड बंद. हात खांद्याच्या वर जायला हवा, नाहीतर मला दिसत नाही. फाटकाशी मी विचारीन, तेव्हा तू फक्त कुणी नाही एवढंच म्हणायचं. जास्तीचा विनोद नको.

त्यांची टोपी खुंटीला आहे. ती घालू नकोस. मला सोसणार नाही.

वाट बघते आहे.

तुझी ताई


१२ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गुडघे सुजले आहेत, पण बायकोला सांगितलेलं नाही.

वळणांवर हात वर करायचं जमलं. फाटकाशी मात्र तू विचारलंस आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. सगळे तुझ्याकडे, मग माझ्याकडे बघत होते. कडी न लावताच तू निघालीस, वाटभर बोलली नाहीस, स्टेशनवर नुसता माझा शर्ट नीट केलास. ताई, एवढं साधं काम सांगितलं होतंस, तेही माझ्याच्याने झालं नाही. पण कुणी नाही असं कसं म्हणू? भाऊजी राहिलेच होते ना मागे.

आणखी एक सांगायचं राहिलं. मागून पक्षी दिसतच नाहीत गं. तू दाखवतेस, पुढचे बघतात, आणि शेवटचा माणूस पोचेपर्यंत फांदी रिकामी झालेली असते. वळण आलं की तू थांबतेस, वळतेस आणि शोधतेस. तेवढंच दिसतं. भाऊजी शिकले नाहीत म्हणून तू त्यांना बोलायचीस. त्यांना पक्षी कधी दिसलेच नसणार. त्यांना तूच दिसायचीस.

चुकलं असेल तर पदरात घे. लोभ आहेच.

तुझा गोट्या


१३ एप्रिल

प्रिय गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र महिनाभर उशाशी होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. त्यांना पक्षी दिसत नव्हते हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. एकदा तरी त्यांना पुढे बोलवायला हवं होतं. ते स्वतःहून कधी म्हणाले नसते.

स्टेशनवर मी रागावले नव्हते. बोलले असते तर तिथेच रडले असते. त्या दिवशी तू कुणी नाही म्हणाला असतास, तर मी तुला माफ केलं नसतं.

काल फेरी घेतली. मागे अध्यक्ष होते. तळ्यापाशी खंड्या बसला होता, निळाशार. मी सगळ्यांना गप्प उभं केलं आणि अध्यक्षांना मागून पुढे बोलावलं. ते आले, त्यांनी पोटभर पाहिला, मग तो उडाला.

फाटकाशी मी विचारलं. ते म्हणाले, कुणी नाही. मी वाटेकडे एकदा बघून घेतलं आणि कडी लावली. घरी येऊन टोपी खुंटीवरून काढली, धुतली, वाळत घातली आणि तिच्याजवळ बसून खूप रडले.

गुडघ्यांना तेल लाव. बायकोला खरं सांग. पत्र लिहीत जा रे, आता मागे वळून बघायला तूच आहेस.

तुझी ताई