ओढ आहे का, असं मी विचारलं

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकवत नाही, पाठ धरली आहे, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींना सांगा, भाचा जिवंत आहे, दोन वेळा जेवतो आणि उलट उत्तरं पूर्वीपेक्षा कमी देतो. आता मुद्दा. माझं आयुष्य गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बदललं. त्या वेळी माझ्या हातात पाण्याचा पाईप होता, पायात चपला नव्हत्या, आणि भिंतीच्या कोपऱ्यापलीकडून ती ‘आहे’ म्हणाली.

पण तुम्ही पडलात कॉलेजचे हेडक्लार्क. तुम्हाला प्रकरण पहिल्या पानापासून लागतं. तर कॉलेज सोडल्यापासून (त्या विषयावर आपलं बोलणं झालेलं आहे, प्रयोगशाळेच्या दाराची काच मी फोडली नव्हती, दार जरा जोरात लागलं, आणि काचेचे तुकडे तुमच्या टेबलापर्यंत आले हा निव्वळ योगायोग) मी इकडेतिकडे कामं केली, आणि गेल्या तीन आठवड्यांपासून भाड्याने गाड्या देणाऱ्या एका मालकांकडे गाड्या धुतो. त्यांना सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण ते तोंड उघडतात तेव्हा तो निघालेला असतो. त्यांची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सकाळी ऑफिसातला फोन घेते. तिच्याबद्दल मी काहीच लिहीत नाही, लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही. एवढंच सांगतो, ती फोनवर ‘गाडी पाठवते हं’ म्हणते तेव्हा मला गाडी व्हावंसं वाटतं.

गाडी धुणं म्हणजे पाणी मारलं आणि पुसलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण नळ आहे इमारतीच्या मागच्या भिंतीला आणि गाड्या उभ्या राहतात कोपऱ्याच्या अलीकडे, म्हणजे नळावरून गाडी दिसत नाही आणि गाडीवरून नळ. मधे पंचवीस मीटर पाईप. हा पाईप घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालायला लागलं, की तो बरोबर टायर आणि जमीन यांच्या मधल्या सांदीत जाऊन बसतो. एका गाडीला चार चाकं, म्हणजे चार वेळा हातातलं टाका, मागे जा, सोडवा, परत या. माझा स्वभाव तुम्ही ओळखता. मी मागे जात नाही. मी ओढतो.

पहिल्या आठवड्यात ओढला तेव्हा पाईप नळावरून निसटला आणि मी साबणाच्या बादलीत बसलो. (पाठ.) दुसऱ्या आठवड्यात जास्त जोर लावला, तर पाईप नळाला घट्ट राहिला आणि नळच भिंतीतून आला, सोबत दोन विटा. मालक तेव्हा नवे बूट घालून फोनवर बोलत उभे होते. पाणी घोट्यापर्यंत येईस्तोवर ते बोलत होते, नंतर जे बोलले ते फोनवर नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘महाराज, पुन्हा नळ हलला तर तुम्ही हललात असं समजा.’ आणि नव्या नळापाशी राखणीला म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलीला उभं केलं. मामा, माणसाचं नशीब उघडतं ते असं, दोन विटा पडून.

नियम असा ठरला, की पाईप अडकला तर मी कोपऱ्याअलीकडून ओरडून विचारायचं, ‘ओढ आहे का?’ नळावर ताण येत असेल तर तिने म्हणायचं, ‘आहे’, आणि मी हात आखडायचा. रविवारी मी विचारलं.

‘आहे!’ ती म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून आला मात्र, मी पाईप विसरलो. मी न राहवून विचारलं, ‘कधीपासून?’

‘मघापासून!’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू विचारलंस कुठे?’

आता तुम्हीच सांगा. पहिला प्रश्न पाईपाबद्दल होता, हे मला मान्य आहे. पण पाईपाबद्दल कुणी एवढ्या हळव्या आवाजात बोलतं का? (मधे कोपऱ्यावर आरसा पुसत बसलेले ड्रायव्हरकाका म्हणतात, आवाज हळवा नव्हता, ती तोंडावर उडणारं पाणी चुकवत होती. काकांना कानाचा त्रास आहे.)

त्या भरात मी जन्मात पहिल्यांदा पाईप ओढला नाही. हळूच खाली ठेवला, चालत मागे गेलो आणि मागच्या चाकापाशी वाकून बघितलं. आणि मामा, मला सगळं दिसलं! पाईपाची काही चूक नाही. त्याला जायला सांद आहे म्हणून तो जातो. सांदच बुजवली तर? पहिला प्रयोग चपलांचा. चाकापुढे एक आणि मागे एक अशा खोचायच्या, म्हणजे गाडीला आठ. माझ्या दोन, काकांच्या दोन, आणि ऑफिसच्या पायरीवरचे मालकांचे बूट, जे नुकतेच वाळले होते. (तरी दोन कमी पडल्या. यावर जास्त लिहीत नाही.) मग बाटल्या सुचल्या. रिकामी बाटली पाण्याने भरायची, बूच घट्ट लावायचं आणि चाकाच्या सांदीत आडवी सारायची. तिचं पोट गोल, पाईप त्यावरून मांजरासारखा अंग चोरून निघून जातो. काल मालकांनी स्वतः घड्याळ धरलं. चौदा मिनिटांत गाडी आरशासारखी, आणि पाईप एकदाही अडकला नाही. मालक म्हणाले, ‘हं.’ त्यांचा हा आवाज सायलेन्सर लावून आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

तेव्हा तुम्ही येत्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून या आणि मालकांशी माझ्याविषयी बोला. वडीलधारं माणूस लागतं, आणि आई बोलायला गेली तर आधी काचेची गोष्ट सांगेल. मुलीचं मन मी पाहिलंच आहे. त्या कॉलेजची पायरी मी पुन्हा चढणार नाही, हे मात्र त्यांना स्पष्ट सांगा. माणसाला शब्द असावा.

तुमचा, यशाच्या उंबरठ्यावरचा,
भाचा

ता. क. पत्र खिशात घेऊन आज कामावर गेलो आणि तुम्ही रविवारी येणार आहात, हे तिला सांगून टाकलं. का, ते विचारल्यावर तेही सांगितलं. ती नळाला धरून हसली. मालकांच्या नियमाप्रमाणे नळ हलायला नको होता, पण हलला. ओढ पाईपाचीच होती. काकांचे कान उत्तम आहेत. शर्टाला इस्त्री करू नका.

आणखी एक. हसून झाल्यावर तिने विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी म्हटलं, प्रयोगवहीवरून सरांशी अडकलं. ‘मग मागे जाऊन बघितलंस, काय अडकलंय?’ मी म्हटलं, दार आपटून आलो. ‘म्हणजे ओढलंस,’ ती म्हणाली. मामा, दीड वर्षात तुम्ही, आई आणि प्राचार्य मिळून जे बोललात ते मला लागलं नव्हतं. हे लागलं. वहीत तीन प्रयोग राहिले होते, एवढंच होतं ते. मी विचारलं, तीन प्रयोग पुरे करून आलो तर? ती म्हणाली, ‘तर पुन्हा विचार. या वेळी पाईप खाली ठेवून.’

शेवटचं, आणि खरं काम हेच. पुन्हा प्रवेशाचा फॉर्म तुमच्या डाव्या खणात असतो आणि तो भरायची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे, हे मला माहीत आहे. (दीड वर्ष माहीत आहे.) एक काढून ठेवा. टपालाने हे पत्र उद्या पोचायचं नाही, म्हणून स्वतःच घेऊन येतोय; मी समोर उभा असेन तेव्हा आधी हे वाचा, मग बोला. आई विचारते आहे, एवढा नीट भांग पाडून कुठे निघालास. उभ्यानेच लिहितोय. वही घेतली, चपला घातल्या. बाहेर पडलो, कागद भिंतीला टेकवून हे शेवटचं वाक्य लिहितोय, आणि आता दार ओढून घेतो. हळूच.