गावाच्या नावासकट

आई, माझं सगळं बदललं ते इथं जवळच, कुरुदच्या एका हॉलमध्ये, सिनेमातल्या रिकाम्या माळापाशी. सिनेमा माझ्या वर्गात असलेली एक मुलगी दाखवणार होती म्हणून गेलो. कॉलेज अर्ध्यात सोडल्यावर ती दिसायची तेवढीच सोय उरली होती. सिनेमा युरोपातल्या भटक्या लोकांचा. महायुद्धात त्यांची कुटुंबंच्या कुटुंबं मारली, आणि नंतर फारशी कोणी आठवणही ठेवली नाही. एक म्हातारा माळावर उभा राहून म्हणतो, इथं आमच्या घोडागाड्यांचा मुक्काम पडायचा. कॅमेरा गवतावरून हलतच नाही. आणि मला आपल्या गावाबाहेरचं मैदान दिसायला लागतं, सुट्ट्यांमध्ये मी क्रिकेट खेळायचो ते.

स्टील प्लांटच्या, सेक्टर दहाच्या या क्वार्टरमध्ये पितृपक्षात घरच्यांची पानं वाढून झाली की तू मागच्या दारापाशी एक पत्रावळ जास्तीची ठेवायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "बेड्यातल्या लोकायची. त्यायचं पान वाढणारं कोणी उरलं नाही." भटक्यांचा बेडा, म्हणजे त्यांची झोपड्यांची वस्ती, त्या मैदानावर होता, एवढंच कळलं. पुढचं विचारलं तर पाठीत धपाटा घातलास आणि वडे तळायला लागलीस.

हॉलबाहेर हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तो पूछ ना घर में. अभी कौन बचा है?" तू गेलेली, पण बाबा होते. त्यांना मोबाइलसमोर बसवलं. आधी कुरकुरले, स्वतः कॉलेज पुरं केलं नाही अन् आमाले इतिहास विचारून राहिला. मग बोलायला लागले ते थांबेनात. चोरीचा आळ घेऊन गावानं बेडा जाळला, माणसांसकट. बाबांचे थोरले भाऊ, आपले मोठे बाबा, जाळणाऱ्यांत होते. बाबा इकडे प्लांटात ड्यूटीवर, आणि तू नवी नवरी, गावातल्या घरातून धूर बघत.

मी जाऊन ते मैदान शूट केलं, वर बाबांचा आवाज जोडला. आज संध्याकाळी त्याच हॉलमध्ये दाखवायचंय. दुपारी बाबा म्हणाले, "त्यातून गावाचं नाव काढून टाक. बाकी दाखव तुले दाखवायचं ते. मोठ्या बाबाचे नातू अजून तिथंच राहातेत. त्यायनं काय केलं?"

"अन् बेड्यातल्या लोकायचे नातू कुठं राहातेत, बाबा?" मी ओरडलोच.

त्यांनी रिमोट उचलला. टीव्ही लावला आणि आवाज बंद करून बघत बसले.

नातवांचा दोष नाही, हे मलाही कळतं. पण नाव काढलं की ते कुठलंही मैदान होतं, आणि कुठल्याही मैदानात कोणी मेलेलं नसतं. म्हणून नाव ठेवलंय. हे मी तिला असंच सांगितलं, तिला फार आवडलं. तुला मात्र खरं सांगतो. ती पहिल्या रांगेत बसणार नसती, तर बाबांचं तोंड बघून मी ते काढलंही असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टेबलावरच राहू दे. बाबा अजून टीव्हीसमोर बसलेत. त्यांच्या पुढूनच जावं लागणार. त्यांना ‘तुम्हीही चला’ म्हणायचा धीर होत नाही. निघतो, आणि दार न आपटता ओढून घेतो.