मत मुंगीचं, हात बाबांचा

बेटावरून,
३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना शि. सा. न. वि. वि.

सामानाची बोट आज आली आणि तिच्याबरोबर तुमचं पत्र. स्टुलावर चढून माळ्यावरचे पुठ्ठे काढायला कुणी सांगितलं होतं? आता पाय प्लास्टरमध्ये, आणि वर मलाच लिहिता की काळजी करू नकोस. या हवामान केंद्रात आम्ही दिवसभर वारा मोजत बसतो, त्यामुळे काळजी करायला भरपूर वेळ असतो.

एक काम तुमच्या गळ्यात घातलंय. वॉर्डाच्या निवडणुकीला मला येता येणार नाही, आणि इथून टपाल वेळेत पोचेल याची हमी खुद्द बोटवालाही देत नाही. म्हणून माझ्या वतीने मत द्यायला मी तुमचं नाव कळवलंय. पायामुळे तुम्हालाही केंद्रावर जाता येणार नाही, तेव्हा दोघांच्याही मतपत्रिका टपालाने घरीच येतील. तुम्ही खुणा करून परत पाठवायच्या.

तुमचं मत घड्याळकाकांना जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. शाळेपासूनचे दोस्त तुम्ही. माझं मात्र त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना द्यायचं. काका चांगले आहेत, पण त्यांना आपल्या घरामागचं मैदान गाड्या लावायला द्यायचंय, आणि मी सायकल तिथेच शिकले. हे काकांना सांगू नका. सांगितलंत तरी त्यांना नवल वाटणार नाही.

पायाला जपा, आणि माझ्यावरची माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
मुंगी


घरून,
११ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. उ. आ.

पाय ठणकतो, पण झोप लागते. शेजारच्या वहिनी दोन वेळचा डबा देतात आणि त्याबरोबर उपदेशही वाढतात. पुस्तकबांधणीची कामं साठली आहेत. बसल्या बसल्या शिलाई करतो, कापणी मात्र राहिली आहे.

मतपत्रिका आल्या, पोस्टमनने खाली जिन्याशी ठेवल्या. वर कोणी आणून दिल्या असतील? घड्याळजीनेच. दोन पाकिटं बघून म्हणाला की एका घरात दोन मतं म्हणजे त्याची लॉटरीच लागली. मी सांगितलं की एक तुझं आहे आणि ते तू सांगशील तिकडेच जाणार. त्यावर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. ते त्यानेच दुरुस्त केलेलं आहे. जाताना म्हणाला की मुंगी इतक्या लांब, तिला कोण सांगायला जाणार. हसत म्हणाला, पण म्हणाला. मला त्याचा राग आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

तुझी आई गेली तेव्हा हा माणूस रोज माझ्या दुकानात येऊन नुसता बसायचा. ते मी विसरू शकत नाही. आता ऐकतो की दोघा उमेदवारांत अगदी अटीतटीची लढत आहे. म्हणून विचारतो, तुझा विचार बदलण्यासारखा आहे का? असला तर मी सुटलो. नसला तर तसं सरळ लिही, मनात काही ठेवू नकोस.

तिथे थंडीत कानाला बांधत जा. बापाची आठवण ठेव.

तुझा,
बाबा


बेटावरून,
१७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना शि. सा. न. वि. वि.

नाही बदलत. बोट तासाभरात निघेल, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुम्हाला कात्रीत पकडल्याचं मला वाईट वाटतंय, खरंच. पण दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही. गिऱ्हाइकाने कितीही रटाळ पुस्तक आणलं तरी तुम्ही ते नाक मुरडत, पण तेवढंच मन लावून बांधता. हेही तसंच समजा. मत माझं आहे, हात तेवढा तुमचा.

काकांवर रागावू नका. उभा राहिलेला माणूस मतं मागणारच. तुम्हा दोघांचा लोभ माझ्यापायी आटू नये, एवढंच मागते.

तुमची,
मुंगी


घरून,
२४ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. तुझी खूण डॉक्टरीणबाईंना, माझी घड्याळजीला. पण त्यानंतर मी जो घोळ घातला तो ऐक, आणि आधी शांतपणे बस.

प्रत्येक मतपत्रिकेवर नंबर असतो आणि तोच नंबर तिच्या पाकिटावर. शहाण्या माणसाने एक घ्यावी, तिच्याच पाकिटात घालावी, मग दुसरीला हात लावावा. माझी जन्माची सवय वेगळी. कागदांचा एक गठ्ठा, कव्हरांचा दुसरा, आणि खळ लावण्याआधी कव्हरांचा गठ्ठा उलटा करायचा. केला. तुझी माझ्या पाकिटात गेली आणि माझी तुझ्या. वर कापडी पट्ट्या चिकटवून दोन्ही रात्रभर दाबात ठेवली. वहिनींनी सकाळी पेटीत टाकली आणि चहाचा कप तोंडाला लावताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

निवडणूक कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी आधी हसली. मग म्हणाली की दोन्ही वेळेत पोचली तर बाजूला ठेवतील, नंबर जुळवतील आणि मोजतील. एखादं जरी अडकलं तरी दोन्ही बाद.

बाद झाली तर तू काय समजशील, याने मला जेवण गोड लागत नाही. मित्रासाठी बापाने मुद्दाम केलं, असं तुझ्या मनात येऊ नये. मुंगे, मी मुद्दाम केलेलं नाही. विश्वास ठेव, दुसरं काही नको.

तुझा,
बाबा


गल्लीतल्या दुकानातून,
९ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझा बाबा लिहायला बसतो आणि उठतो, म्हणून मीच कळवतो. दोन्ही मतं पोचली आणि मोजली गेली. आता सुटकेचा निःश्वास सोड.

मी पडलो. सगळं मोजून झालं तेव्हा मी एका मताने मागे होतो आणि बाजूला ठेवलेली दोन पाकिटं उरली होती. नियमाप्रमाणे ती आम्हा दोघा उमेदवारांसमोर टेबलावर आली. कापडी पट्ट्या बघूनच मी ओळखलं ती कुणाच्या हातची. कारकुनाच्या कात्रीने त्या कापता कापेनात. माझ्या जिवलगाच्या घरची दोन्ही मतं, म्हणजे मी आलोच निवडून, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू. निघालं एक मला आणि एक बाईंना. पुन्हा एकच मत कमी.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी रागात होतो. जिना चढलो तर तुझा बाबा प्लास्टरचा पाय खुर्चीवर टाकून मान खाली घालून बसलेला. मी त्याला म्हणालो की उठू नकोस, चहा मीच टाकतो. मग त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि माझ्याही. तुला लांबून काही कळणार नाही, असं मी बोललो होतो, ते मी तिथेच परत घेतलं.

आता माझं. पुढच्या महिन्यात मोठी निवडणूक आहे आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. माझ्या वतीने कुणीतरी मत द्यायला हवं. बायको म्हणाली पुतण्याचं नाव दे, तो आपल्याच विचारांचा आहे. मी तुझ्या बाबाचं दिलं. त्याला माझा उमेदवार डोळ्यांसमोर नको असतो, तरी मी निर्धास्त आहे. फक्त पाकिटं बंद करायला शेजारच्या वहिनींना बसव, एवढं त्याला तू लिही.

हरलेल्या काकावरही थोडा लोभ ठेव.

तुझा,
घड्याळकाका